तिसऱ्या सरातलं नाणं

६ नोव्हेंबर २०१८ रोजी रिगोपूलाने अथेन्सच्या छापखान्याला एक हजार नऊशे चौसष्ट युरो पाठवले. पावती माझ्याकडे आहे, कारण गावातल्यांचे कर आणि करार मीच बघतो, आणि तिची सगळी कागदपत्रं माझ्याकडेच असतात. तीनशे प्रती, दोनशे अठरा पानं, मुखपृष्ठावर निळी खिडकी. खिडकी तिला नको होती. पण बेटावरच्या पुस्तकांसाठी छापखान्याकडे तयार चित्रं चारच होती, आणि उरलेल्या तिन्हींत गाढव होतं.

ही तिची सातवी कादंबरी. साती तिने स्वतःच्या पैशाने छापल्या. पहिली दोन वर्षं तिने अथेन्सच्या प्रकाशकांना हस्तलिखितं पाठवून पाहिली. एकाचं उत्तर आलं, ते दुसऱ्याच कुणाच्या कादंबरीबद्दल होतं. त्यानंतर तिने पाठवणं सोडलं.

आमचं गाव कार्पाथोस या ग्रीक बेटाच्या उत्तरेला, डोंगराच्या कण्यावर. बंदर खाली. बंदरावर बोटीची तिकिटं विकायची एक खोली आहे, तिथे रिगो सत्तावीस वर्षं बसली. हिवाळ्यात आठवड्याला दोन बोटी. वारा सुटला की त्याही रद्द. मग लोक तिच्यावर ओरडायचे, जणू वारा तिनेच सोडलाय. ती काचेआडून ऐकून घ्यायची, फळ्यावर ‘रद्द’ लिहायची, आणि लोक गेले की शाळकरी वही काढून लिहायला बसायची. घरी पहाटे पाचला उठून तेच दोन बोटांनी टाइप करायची. टेबल म्हणजे एक जुनं दार होतं. एका बाजूला लाकडी घोडी, दुसऱ्या बाजूला तिसऱ्या कादंबरीचे न खपलेले खोके.

आमच्या गावात ओळखीच्या माणसाकडून पुस्तकाचे पैसे घेणं म्हणजे घरी आलेल्याकडून कॉफीचे पैसे घेण्यासारखं आहे. त्यामुळे ती पुस्तकं वाटायची, प्रत्येकावर नाव घालून, सही करून. कुणी बदल्यात डझनभर अंडी आणून द्यायचं, कुणी तेलाची बाटली, कुणी चीजचा गोळा. एका वर्षी ती मला गंभीरपणे म्हणाली, “मिनास, चीजवर कर लागतो का रे?”

“खाऊन टाक,” मी म्हणालो. “पुरावा उरणार नाही.”

दक्षिणेकडच्या पिगाद्यात, बेटाच्या मुख्य शहरात, एका दुकानात, उन्हात लावायच्या क्रीमच्या बाटल्यांशेजारी, तिच्या पाच प्रती ठेवलेल्या असत. उन्हाळ्यात प्रवासी त्या उचलून बघत, इंग्रजी नाही म्हणून परत ठेवत. पाचही प्रतींची मुखपृष्ठं क्रीमने तेलकट झाली होती. गावातले मात्र वाचायचे. वाचून झालं की प्रत्येकाचा एकच प्रश्न: “ह्यात कोण आहे ते सांग.”

“कुणी नाही,” ती म्हणायची. पहिल्या सहा पुस्तकांत खरंच कुणी नव्हतं.

आता दोघी बहिणींचं सांगितलं पाहिजे. आमच्याकडे आईचं घर, आईची शेतं, आईचं सोनं थोरल्या मुलीकडे जातं. धाकटीला काही नाही. कायदा कधीच बदलला, रीत बदलली नाही. रिगोपूला धाकटी. थोरली सोफिला, तिच्याहून सहा वर्षांनी मोठी. घर सोफिलाचं, आणि सणाला गळ्यात घालायची मोहरांची माळही सोफिलाची. रिगोने लग्न केलं नाही. ती त्याच घराच्या खालच्या खोलीत राहायची. पूर्वी तिथे तेलाची रांजणं असत. भिंतींना अजून वास होता.

सोफिला वाईट बाई नव्हती. भाडं तिने कधी मागितलं नाही. ऑक्टोबरात ती माझ्याकडे आली, घर तिच्या मुलीच्या, कालिओपीच्या नावावर करायचं होतं. कालिओपी अथेन्सजवळ पिरेअसला असते, आणि उन्हाळ्यात घरातल्या खोल्या प्रवाशांना भाड्याने द्यायचा तिचा विचार आहे. खालच्या खोलीचं दार वेगळं, सरळ गल्लीत उघडतं. म्हणजे पहिली तीच जाणार. हे ओळखून सोफिलाने स्वतःहून सांगितलं, “एक ओळ घाल. धाकटी मरेपर्यंत त्या खोलीत राहील, तिला कुणी उठवायचं नाही.” मी मसुद्यात ओळ घातली. नोटरीकडे सही १८ डिसेंबरला ठरली. हे रिगोलाही माहीत होतं, आणि बऱ्याच वर्षांनी ती थोडी सैल झालेली मला दिसली होती.

पुस्तकाचे खोके नोव्हेंबरच्या अखेरीस बोटीने आले. तीन दिवसांत ऐंशी प्रती वाटून झाल्या. चौथ्या दिवशी मी कॉफीच्या दुकानात गेलो तर पोलिख्रोनिस, म्हणजे दुकानाचा मालक, गल्ल्यामागे उभा राहून मोठ्याने वाचत होता.

“ऐका, ऐका. ‘माळेला तीन सर, एक्केचाळीस मोहरा. मधल्या मोठ्या मोहरेवरच्या बादशहाच्या नेमकं डोळ्यात भोक पडलं होतं, म्हणून शेजारी दुसरं पाडलेलं.’ कुणाची सांगा!”

“सोफिलाची,” चौघं एकदम म्हणाले.

“आता पुढचं ऐका. ‘तिसऱ्या सरातलं डावीकडून पाचवं नाणं पितळेचं होतं, आणि ते आईखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं.’”

कुणीतरी शीळ घातली. कोपऱ्यातला म्हातारा म्हणाला, “म्हणजे पन्नास वर्षं आपण पितळेला माना डोलावल्या.”

“तुझ्या बायकोच्या माळेत किती रे पितळेची?” पोलिख्रोनिसने त्याला विचारलं.

“माझी बायको धाकटी होती. गळ्यात मीच.”

सगळे हसले. मी कॉफी अर्धी टाकून उठलो.

आमच्याकडे नावावरून माणूस ओळखू येत नाही. पोराला आजोबाचं नाव, पोरीला आजीचं. एका गल्लीत चार सोफिला सापडतील, चौघींची आडनावंही तीच. त्यामुळे नाव बदलल्याने कुणी लपत नाही. पण माळा ओळखू येतात. पंधरा ऑगस्टला, मेरीमातेच्या सणाला, चर्चच्या अंगणात थोरल्या मुली माळा घालून नाचतात, आणि बाकीच्या बायका भिंतीशी बसून नाणी मोजतात. कुठली माळ कुणाच्या आजीची, कुठलं नाणं कुठल्या बोटीवरून आलं, हे प्रत्येक बाईला पाठ असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोफिला माझ्या कचेरीत आली. बसली नाही.

“मिनास, तो कागद काढ.”

“कुठला?”

“वेड पांघरू नकोस. घराचा. धाकटीची ओळ खोड.”

“सोफिला, बस आधी.”

“बसायला नाही आले. पाव आणायला गेले तर भट्टीवाली माझ्या गळ्याकडे बघते! माझ्या आईची माळ. आई खोटं नाणं घालून मला चर्चात पाठवेल होय? ही भवानी लिहून मोकळी झाली. फुकटची खोली, फुकटचं छप्पर, आणि वर हे.”

“पुस्तक वाचलंस तू?”

“मला काय वाचायचंय? गावानं वाचून दाखवलं.” मग ती खुर्चीच्या पाठीचा दांडा धरून उभी राहिली. “रविवारी शाळेचे मास्तर सभागृहात पुस्तकाचं कौतुक करणार आहेत ना? तिथं सगळ्यांसमोर तिनं म्हणावं, नाणं खोटं नाही, मी रचलं. म्हणाली तर ओळ राहील. नाही म्हणाली तर ईस्टरच्या आत खोली रिकामी. तू सांग तिला.”

“एका घरात राहता. तूच सांग की.”

“मी तिच्याशी बोलत नाही.”

“कधीपासून?”

“कालपासून.”

मी बंदरावर उतरलो. वारा होता. फळ्यावर ‘रद्द’ लिहिलेलं होतं आणि तिकिटाच्या खोलीत रिगो एकटी, कोट घालूनच बसलेली. मी निरोप सांगितला. तिने सगळा ऐकून घेतला, जसं ती बोट चुकलेल्यांचं ऐकून घेते.

“खरं आहे का ते?” मी विचारलं.

“खरं आहे.”

मग तिने सांगितलं. १९६९ साली ती बारा वर्षांची होती. पुढच्या शाळेसाठी पिगाद्याला राहायला हवं होतं, आणि घरात पैसा नव्हता. आई तिला घेऊन बोटीने शेजारच्या मोठ्या बेटावर, रोड्सला गेली. सोनाराने माळेतलं एक नाणं काढलं, त्याच मापाचं पितळेचं, सोन्याचा मुलामा दिलेलं नाणं बसवलं. त्या पैशात तीन वर्षांचं खोलीचं भाडं निघालं. परतीच्या बोटीवर आईने माळ झग्याआड कमरेला बांधली होती.

“आई म्हणाली, सोफिलाला बोललीस तर जीभ हासडीन. एकोणपन्नास वर्षं नाही बोलले.”

“आणि मग छापलंस.”

“छापणं म्हणजे बोलणं असं मला वाटलं नाही. मी नावं बदलली, बेट बदललं, सोफिलाला लंगडी केली. आईला विधवा केलं.”

“मग माळ तेवढी का नाही बदललीस?”

तिला खरंच उत्तर शोधावं लागत होतं.

“सुचलंच नाही रे. माळ कशी बदलणार? ती तशीच आहे.”

बाहेर कुणाची तरी होडी धक्क्यावर आपटत होती. ती म्हणाली, “खोली गेली तर पिगाद्याला भाड्याने राहावं लागेल. पेन्शन तीनशे नव्वद येणार. त्यात भाडं दे, नाहीतर जेव. आणि खोटं म्हटलं तर आईनं माझ्यासाठी आयुष्यात एकच गोष्ट केली, ती घडलीच नाही असं मी तिच्याच गावासमोर म्हणायचं.”

“आईला आता काय फरक पडतो?” मी म्हणालो.

“आईला नाही पडत.”

मी चाळीस वर्षं लोकांना एकच सल्ला देत आलोय: जिथे राहायचं आहे तिथला कागद आधी पक्का करा, मानापमान मागून बघता येतो. तिलाही तोच दिला. “म्हण आणि मोकळी हो. दोन वाक्यं आहेत.”

“तुझं बरं आहे,” ती म्हणाली. “तुझ्या कागदात दोन वाक्यांनी घर मिळतं.”

रविवारी, ९ डिसेंबरला, सभागृहात कधी नव्हती एवढी गर्दी होती. आधीच्या पुस्तकांना पंधरा-वीस माणसं यायची, त्यातली निम्मी राकी दारू आणि मध-तिळाच्या वड्यांसाठी. या वेळी प्लास्टिकच्या खुर्च्या कमी पडल्या, पोरं खिडकीत बसली. मास्तर बोलले. त्यांनी पुस्तकाचं पहिलं प्रकरण वाचलं असावं, कारण ते सगळा वेळ पहिल्या प्रकरणाबद्दलच बोलले. सोफिला पहिल्या रांगेत बसली होती, मांडीवर कापडी पिशवी.

मास्तर बसले तशी ती उठली. पिशवीतून माळ काढून तिने टेबलावर, पुस्तकांच्या थप्पीशेजारी ठेवली.

“दाखव,” ती म्हणाली. “कुठलं ते दाखव.”

रिगो उभी राहिली. तिने माळेकडे पाहिलं नाही. “कादंबरी आहे, सोफिला. मी रचलं. नाणी सगळी सोन्याची आहेत.” मग लोकांकडे वळून तेच जरा मोठ्याने म्हणाली, “नाणं खोटं नाही. खोटं पुस्तक आहे.”

मग पोलिख्रोनिस मागून ओरडला, “मग आमची अंडी-चीज परत कर!” आणि सगळे हसायला लागले. खुर्च्या सरकल्या, वड्यांची ताटं फिरली. भट्टीवालीने सोफिलाच्या गळ्यात हात टाकला. तासाभरात सभागृह रिकामं झालं. टेबलावर साठ प्रती आणल्या होत्या. सत्तावन्न परत न्यायच्या होत्या. मी आणि तिने दोन खोके उचलले. जिन्यावर ती दोनदा थांबली.

“जड नाहीत,” ती म्हणाली. “दमलेय फक्त.”

मला वाटलं, संपलं. पण मंगळवारी सकाळी मी पिगाद्याला, कर कचेरीत निघालो तर माझ्या गाडीशी सोफिला उभी. तीच पिशवी हातात.

“मलाही ने. सोनाराकडे.”

“कशाला? ती म्हणाली की, खोटं नाही.”

“म्हणूनच.” ती गाडीत बसली, दार दोनदा ओढून लावलं. “साठ वर्षांत ती माझ्याशी एकदाही पहिल्या फटक्यात हरली नाही. लहानपणी एका अंजिरावरून दोन दिवस भांडायची. रविवारी मी दाखव म्हटलं, तर माळेकडे बघितलंसुद्धा नाही तिनं.”

सव्वा तासाने आम्ही सोनाराच्या दुकानाशी उतरलो.

सोनार तरुण आहे, त्याचे वडीलही सोनारच होते. त्याने माळ कापडावर पसरली आणि एकेक नाणं कसोटीच्या दगडावर घासून कस लावायला सुरुवात केली. सोफिला उभीच होती. तिसऱ्या सरात डावीकडून पाचव्याला तो थांबला, तेजाबाचा थेंब टाकला, परत टाकला.

“मावशी, हे एक...”

“कळलं,” सोफिला म्हणाली. “पूस आणि राहू दे जिथं आहे तिथं.”

“बदलून देऊ? या मापाचं मिळेल मला.”

“राहू दे म्हटलं ना बाबा.”

परतीच्या वाटेवर, जिथे रस्ता वर चढून दोन्हीकडचा समुद्र दिसतो तिथे, तिने मला गाडी थांबवायला सांगितली. उतरली नाही. काच खाली केली नाही.

“त्या वर्षी मी अठराची,” ती म्हणाली. “ऑगस्टात आईनं माळ माझ्या गळ्यात घातली, आणि नाच संपायच्या आत काढून घेतली. मी रडले. मला वाटलं, माझा नाच तिला आवडला नाही.” मग तिने विचारलं, “त्या वेळी एका नाण्याचे किती येत असतील रे?”

“तीन वर्षांचं भाडं आलं,” मी बोलून गेलो.

तिने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता ती भडकेल. ती म्हणाली, “म्हणजे तुलाही ठाऊक.” आणि मग, “पैसे होते मग आईकडे, तिच्यासाठी. मला कुणी विचारलंसुद्धा नाही, तुला शिकायचंय का.” मी गाडी सुरू केली. घर दिसायला लागल्यावर तिने सांगितलं, “ओळ राहू दे कागदात. आणि मी सोनाराकडे गेले होते हे तिला कळता कामा नये. कळलं तर ती परत लिहील.”

१८ डिसेंबरला सही झाली. ओळ आहे.

याला आता सव्वा वर्ष झालं. रिगो त्याच खोलीत राहते. सोफिला तिच्याशी बोलते, रोज दुपारी वरून डाळीचं नाहीतर घेवड्याचं सूप पाठवते, झाकण ठेवून. पूर्वी पाठवत नव्हती. रिगो मला म्हणाली, “खोटं बोलल्याचं बक्षीस आहे हे. ओळ एक आणि सूप दुसरं.” मला खरं सांगता आलं असतं. शब्द दिला होता, म्हणून गप्प बसलो. तिला वाटतं, तिच्या बहिणीने तिच्या खोट्यावर विश्वास ठेवला. बहिणीला खरं ठाऊक आहे, आणि तिला वाटतं, ही ते आता कधीच बोलणार नाही. दोघींचं पटतं आहे, आणि ते मी मोडायला जात नाही.

गेल्या वर्षी मेमध्ये तिचं तिकिटांचं काम सुटलं, पेन्शन लागली. आता दिवसभर वेळ आहे. मी आठव्या कादंबरीचं विचारलं.

“कशाबद्दल लिहू?” ती म्हणाली. “सात पुस्तकांत एकच गोष्ट खरी होती. तिला मी उभं राहून खोटी म्हटलं. आता काहीही लिहिलं की हात तिथंच अडतो.”

“हळूहळू येईल.”

“येईल,” ती म्हणाली. कर भरायचा कागद पुढे ओढून तिने सही केली. साहित्यिक उत्पन्नाच्या रकान्यात तिने मला शून्य लिहायला सांगितलं. या वर्षी खर्चाच्या रकान्यातही शून्य होतं. एवढ्या वर्षांत ते पहिल्यांदाच.

त्या मंगळवारी सोनाराने एक्केचाळीस नाणी तपासायचे पंधरा युरो घेतले. सोफिलाचं पाकीट घरी राहिलं होतं, म्हणून ते मी भरले. तिने अजून दिलेले नाहीत.